ब्लाउज अडवणाऱ्या आपा

आमच्या अकोटात ज्या बाईने माझा शिवून तयार झालेला ब्लाउज चार बायकांसमोर उसवला, तिच्याबद्दल मला चांगलंच लिहायचं आहे. उसवला तेव्हा मात्र तिचे हात धरावेसे वाटले होते, आणि खोटं कशाला सांगू, दोन शब्द मी तिला ऐकवलेही होते.

सगळं गाव त्यांना आपा म्हणायचं. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले भाजीवाले काकासुद्धा आपाच म्हणायचे. कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. दोन मशिनी, एक कपाट, भिंतीशी एक लांब बाक आणि दाराला जाड पडदा. पाटी लावलेली नव्हती. "ज्याले शिवाचं हाये त्याले घर माईत हाये," असं त्यांचं म्हणणं. बोलताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे अर्धंअधिक बोलणं टाचण्यांच्या फटीतून बाहेर यायचं. त्यांनी टाचण्या काढून डबीत टाकल्या की बाकावरच्या बायका पदर सावरून बसत. आता कोणाची तरी खैर नाही, हे सगळ्यांना कळत असे.

दुसरे शिंपी मापाला जुना ब्लाउज मागतात. आपांकडे जुना ब्लाउज नेला तर त्या तो दोन बोटांत धरून परत करायच्या. "मागच्या साली जशी होती तशी मले काऊन दाखवून राहिली? उभी राह्य इथं." मग टेप यायचा आणि कुठे काय वाढलं, कुठे काय उतरलं, हे त्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चारचौघींत माझ्या दंडाचा घेर जाहीर झालेला मला मुळीच आवडायचा नाही. तरी मी वर्षानुवर्षं तिथेच जात राहिले, कारण आपांच्या हातचा ब्लाउज अंगावर बसतो तसा दुसऱ्या कुणाचा बसत नाही.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या साली आपांच्या दुकानात नवं कापड येईनासं झालं. लग्नंसुद्धा लोकांनी जुन्या साड्यांवर भागवली. ब्लाउज उसवून ढिले करणं, बाह्या बदलणं, असलीच कामं. पण त्याच सुमारास फोन स्वस्त झाले होते, आणि ज्या घरात आईला नवी साडी आली नाही त्या घरातही पोरांच्या हातात फोन आला होता. मुली पाठीच्या गळ्याचे नमुने फोनवर दाखवायला यायच्या. आपांचा हात रिकामा, बसायला बाक. "हे काय दाबलं तू? आन् ते गेलं कुठं?" असं करत करत आपा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सगळं शिकल्या. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. "म्हून त मले येळ हाये," असं त्या सहज सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याने त्यावर हळहळलेलं त्यांना खपायचं नाही.

ॲपांची खरी नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा. त्यांनी आपली नावं ठेवली. सगळ्यांना दिसेल असे फोटो टाकायचे तो ओटा. दोघी-तिघींचंच बोलणं चालतं ती बोळ. एका दिवसात आपोआप पुसलं जातं ती पाटी. आणि अनोळखी लोकांचे नाचगाण्याचे व्हिडिओ एकामागून एक येतच राहतात ती जत्रा. एकाच ॲपात ओटा, बोळ आणि पाटी तिन्ही असू शकतात, हे मला शिकलेल्या बाईला चौथी पास आपांनी समजावलं.

"आता पाहा," बाकावरच्या आयांना त्या सांगायच्या, "ओट्यावर पोरगी बसली त साऱ्याईले दिसते. तिथं ते केस विंचरूनच बसन. बोळीत मैतरणीसंगं कुजबुजन. तुमी काय कुजबुजत होत्या ते तुमच्या मायले सांगत होत्या का? मंग बोळीत काऊन शिरता? पण जत्रेत हात धरा. जत्रेत लेकरू हरपते."

एवढं सांगून सोडून दिलं असतं तर त्या आपा कसल्या? त्या गृहपाठ द्यायच्या. मुलीच्या फोनबद्दल जी आई तक्रार करील तिने आधी स्वतःचं खातं उघडायचं, त्यावर स्वतःचा एक फोटो टाकायचा, आणि कुणालाही 'बघ गं' न म्हणता एक दिवस थांबायचं. देवाचा, फुलाचा किंवा सुप्रभातचा फोटो चालणार नाही. गृहपाठ होईपर्यंत ब्लाउज मिळणार नाही. लगनसराईत ही अट किती जीवघेणी होती हे बायकांनाच कळेल. मांडव दारात उभा आहे आणि वरमाय फोन समोर धरून, मान वाकडी करून स्वतःचा फोटो काढते आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी आपांचा एकच प्रश्न. "कितीदा उघडून पाह्यलं, कोणी काई म्हटलं का म्हून?"

कापड दुकानवाल्यांची सून आधी दोनदा म्हणाली, मग पाचदा म्हणाली, शेवटी म्हणाली, "कणकीच्या हातानं बी पाह्यलं, आपा. माया जाऊबाईनं पाहून काईच नाई म्हटलं. मले रातभर वाईट वाटलं."

"हां. आता घरी जाय आन् पोरीले म्हण, काय त्या फोनात पडली राह्यते म्हून," असं म्हणून आपांनी तिच्या हातात ब्लाउज ठेवला.

एकदा गावातल्या सभागृहात मोबाइलच्या दुष्परिणामांवर एका सरांचं व्याख्यान झालं. आम्ही शिक्षक हुकमाने गेलो होतो, आपा आपल्या मर्जीने आल्या होत्या. तास-दीड तास सर तरुण पिढीवर बोलले. शेवटी कोणाला शंका आहे का, असं विचारल्यावर आपा उभ्या राहिल्या. "सर, तुमचं खातं हाये काय त्याच्यात?" सर अभिमानाने म्हणाले, "छे! मी त्या वाटेला जात नाही." आपा म्हणाल्या, "मंग वाटेत खड्डे हायेत हे तुमाले कोणी सांगितलं?" आणि पाणी प्यायला निघून गेल्या.

यात नुसती गंमत नव्हती. जवळच्या एका खेड्यातली मुलगी एकदा पडद्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. तिच्याशी महिनाभर एक मैत्रीण गप्पा मारत होती, ती मैत्रीण नव्हतीच, एक बाप्या होता, आणि आता तो फोटो मागून धमक्या देत होता. आपांनी तिला काही बोल लावला नाही. आधी चहा दिला. त्याचे सगळे निरोप जपून ठेवायला लावले, त्याला पैसे नाही की फोटो नाही असं बजावलं, तिच्या आईला बोलावून घेतलं आणि आईचा हात उठायच्या आत मध्ये उभ्या राहिल्या. "आज मारशीन त पुढच्या येळी ते तुयापाशी येनार नाई. त्याच्यापाशीच जाईन." मग दोघींना घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या. तो सापडला. त्या मुलीचं नाव आपांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता माझं सांगते.

आमची लेक प्रज्ञा बारावी झाली आणि तिला अमरावतीच्या कॉलेजात जायचं होतं, तिथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायचं होतं. फॉर्म घरात येऊन पडला होता, भरायला तीन आठवडे होते. अशात एका संध्याकाळी प्रज्ञाचे बाबा ऑफिसातून आले ते तोंड पाडूनच. ते विजेच्या ऑफिसात. तिथल्या साहेबांनी हसत हसत त्यांना विचारलं होतं, "तुमच्या मुलीचं ते दुसरं खातं आहे ना? आमची लेक सांगत होती." आम्हाला प्रज्ञाचं एकच खातं माहीत होतं, ज्यावर तिच्या आत्यासुद्धा होत्या. बाबांनी फॉर्म उचलून कपाटात ठेवला. मला म्हणाले, "काय हाये ते आधी पाह्य. मंग अमरावतीचं पाहू. नाई त अकोटात बी कॉलेज हाये." प्रज्ञाला त्यांनी एक शब्द विचारला नाही. आमच्या घरात अवघड प्रश्न माझ्याकडून जायचे.

मी आपांकडे गेले. भाच्याच्या लग्नाचा ब्लाउज टाकायचाच होता. सगळं ऐकून आपा टाचण्यांतून म्हणाल्या, "तिले विचारा."

"असं कसं विचारू?"

"जसं बोलता तसं. हा तुमचा गृहपाठ. पोरीले विचारा, आन् ब्लाउज घिऊन जा."

रोज चाळीस मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मला माझ्या मुलीला एक प्रश्न विचारता येईना. दोन दिवस मी तिच्या मागेमागे स्वयंपाकघरातून ओसरीत आणि ओसरीतून स्वयंपाकघरात केलं. ती म्हणायची, "काय पायजे, आई?" मी म्हणायची, "काई नाई, झाडू कुठं हाये?" तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. मी गौरी नावाचं एक खातं काढलं. गौरी, वय सतरा, अमरावती. फोटोच्या जागी पोपट. साहेबांच्या मुलीकडून कळलेल्या नावावर गौरीने विनंती पाठवली, आणि अर्ध्या तासात प्रज्ञाने तिला आत घेतलं.

आत जे होतं ते पाहून मी उशी तोंडात कोंबून हसले. प्रज्ञा कुठेच दिसत नव्हती. दिसायची फक्त भिंत, किंवा खिडकी, किंवा आमची मांजर, आणि ऐकू यायचे तिने हुबेहूब काढलेले लोकांचे आवाज. बसस्थानकावर गाड्या पुकारणारा माणूस. वांगी विकणारी मावशी. तिच्या आत्या, लग्नात ताट पाहून नाक मुरडणाऱ्या. आणि तिचे बाबा! घरी उघड्या अंगाने (ही ओळखसुद्धा तीच आधी द्यायची) भाकरी मोडता मोडता साहेबांना फोनवर सांगणारे, "निघालो साहेब, खांबापाशीच हावो." मुलगी इतकं ऐकत होती आणि आम्हाला वाटत होतं की तिचं घरात लक्षच नसतं.

गौरीला राहवेना. तिने खाली लिहिलं, "शाब्बास! आवाजातील चढउतार उत्तम." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "शाब्बास! निरीक्षण सूक्ष्म आहे. पुढील वेळी मांजराचा आवाज टाळावा." मग रोजच लिहायला लागली. मी रात्रंदिवस त्या पोपटामागे बसून मुलीचं कौतुक करत होते, आणि ताटावर बसलं की तिला सांगत होते, पाय हलवू नको.

आठ-दहा दिवसांनी मी मोठ्या तोऱ्यात आपांकडे गेले. लग्न परवावर आलं होतं. ब्लाउज तयार होऊन खुंटीला लटकत होता, पैठणीच्या काठाच्या बाह्या, काय सुरेख. बाकावर चार बायका होत्या. मी सगळी हकिकत सांगितली. "तिला पत्तासुद्धा नाही, आपा. मी सारं पाहून राहिली."

आपांनी एकेक टाचणी तोंडातून काढली. खुंटीवरून ब्लाउज उतरवला. मला वाटलं, घडी घालून देतात. त्यांनी उसवायची सुरी घेतली आणि उजवी बाही खांद्यापासून सरळ उसवून काढली.

"आपा! वेड लागलं का तुमाले? परवा लगन हाये!"

"त्या खेड्यातल्या पोरीले फसवलं तो बी पोरगी बनूनच आला होता, मॅडम." त्यांनी डावी बाही धरली. "तुमी बी तेच केलं. तुमचं मन साफ हाये, त्याचं नव्हतं, मान्य. पण पोरीनं कसं वळखावं? उद्या कोणी दुसरा गौरी बनून यीन, तवा तिनं धावत कोणाकडं यावं? मायकडं? माय त सोताच पोपट लावून बसली." डावी बाहीही निघाली. आतापर्यंत मला अहोजाहो करणाऱ्या आपा एकदम एकेरीवर आल्या. "जाय. आज सांग तिले. मंग ये."

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय कळतं आईचं मन. म्हटलं खरं. म्हणताक्षणी लाज वाटली, पण शब्द गेला होता. आपांनी दोन्ही बाह्या नीट घडी घालून बाजूला ठेवल्या.

त्या संध्याकाळी ओसरीत आम्ही दोघी चवळीच्या शेंगा मोडत बसलो होतो. मी खाली मान घालून सांगून टाकलं. गौरी मी आहे.

"मले माईत हाये," प्रज्ञा म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू तुयाच नंबरवरून खातं काढलं ना? ॲपानं मलेच विचारलं, हे तुमच्या ओळखीचे हायेत काय म्हून. आन् आई, कोणती सतरा वर्षांची पोट्टी 'मांजराचा आवाज टाळावा' असं लिहिते?"

मी हसले, पण हसू टिकेना. "मंग मले काढून काऊन नाई टाकलं?"

तिने मोडलेल्या शेंगा ताटात टाकल्या. मग म्हणाली, "गौरी रोज शाब्बास म्हणते. तू नाई म्हणत."

दहावीला तिला शहाण्णव गुण गणितात पडले, तेव्हा मी विचारलं होतं, चार कुठे गेले? मला ते आठवलं. तिलाही तेच आठवत असावं. त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी उठले आणि गॅसवर काही नसताना गॅस पाहायला गेले.

बाबांना तिने स्वतः ऐकवलं. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी ती साहेबांच्या फोनची नक्कल दोनदा ऐकली. मग विचारलं, "मी असा बोलतो?" आम्ही दोघींनी मान हलवली. "हे साहेबाच्या पोरीनं ऐकलं?" प्रज्ञाने पुन्हा मान हलवली. "साहेबानं?" प्रज्ञा म्हणाली, "त्याईलेच जास्त आवडलं." बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. बाहेरून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग तो वाढत गेला, आणि ते डोळे पुसत आत आले. कपाटातून फॉर्म काढून त्यांनी सही केली. "जाय अमरावतीले. पण उघडा होतो हे काऊन सांगितलं वं लोकाईले?"

गृहपाठ झाल्याचा निरोप मी आपांना पाठवला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी दारात आपा उभ्या होत्या, हातात ब्लाउज. बाह्या पुन्हा लावलेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आधी घालून दाखवा. खांद्यात दाटते का पाहू द्या." दाटत नव्हता. माझ्या त्या वाक्याबद्दल त्या ना तेव्हा बोलल्या ना नंतर कधी.

प्रज्ञा अमरावतीला गेली. महिन्याभराने एका दुपारी मी आपांना खुशाली सांगायला गेले. वसतिगृह चांगलं आहे, जेवण बरं आहे, खोलीत तिघी आहेत, आता बाबांनीसुद्धा खातं काढलं आहे, सगळं सांगितलं. आपा कापडावर खडूने रेघा ओढत ऐकत होत्या.

"आन् ते सांगितलं का तिले?"

"काय?"

"गौरी लिवत होती ते. तोंडानं."

मी म्हटलं, तिला माहीतच आहे की. म्हटलं, आता ती मोठी झाली. म्हटलं, आमच्या घरात अशी सवय नाही. आपांनी टाचण्या तोंडातून काढून डबीत टाकल्या. बाकावरच्या तिघी-चौघी सावरून बसल्या.

"लावा फोन."

प्रज्ञाने पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं, आई? बाबा बरे हायेत ना?"

"बरे हायेत."

"मंग?"

एवढासा शब्द. वर्गात मी तो दिवसातून वीसदा वाटते. आता मात्र तो तोंडातून निघेना. बाकावरच्या बायका माना लांब करून ऐकत होत्या, एकीने तर हातातला चहासुद्धा खाली ठेवला होता. आपांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, स्टूल ओढलं, मशिनीवर बसल्या आणि पाय चालवायला लागल्या. खोलीभर खडखडाट झाला.

त्या आवाजात मी माझ्या मुलीला शाब्बास म्हटलं. एकदा म्हटल्यावर थांबता येईना. दहावीचं म्हटलं, बारावीचं म्हटलं, आत्यांच्या आवाजाचं म्हटलं, परक्या गावात एकटी राहतेस त्याचं म्हटलं. पलीकडून बारीक आवाजात आलं, "आई, अजून एकदा म्हण ना." मी म्हटलं. बाकावरच्या बायकांना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नसेल.

फोन ठेवून मी वळले. आपा अजून मशीन चालवत होत्या, मान खाली, अगदी मन लावून, आणि मशिनीवर कापड नव्हतं.